सुईदोऱ्याशिवाय खिडकीचे पडदे

मी पहिला बिनशिलाईचा पडदा केला तो ग्लू गनने. वरच्या कडेला खोळ केली, आत दांडा सरकवला, पडदा टांगला आणि चार पावलं मागे जाऊन स्वतःच्याच हातांचं कौतुक केलं. पंधरवडाही झाला नव्हता. एका कडक उन्हाच्या दुपारी अख्खी खोळ उकलली, पडदा जमिनीवर आणि दांडा एकटाच वर. गोंदाची त्यात काही चूक नव्हती, मीच त्याला नको ते काम दिलं होतं. काच तापली, काचेला लागून असलेलं कापड तापलं, गोंद मऊ पडला, आणि पडद्याचं सगळं वजन त्या मऊ पडलेल्या गोंदावरच होतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट पाळते. चिकटवलेल्या जोडाने कड लपवायची, वजन पेलायचं ते धातूने किंवा सलग कापडाने. चिकटलेला जोड सहसा ताणून तुटत नाही, तो सोलला जातो. एखाद्या कोपऱ्यातून जरा सुटला की तिथून पुढे सोलत जातो. म्हणून पडद्याचा कुठलाही भाग ठरवताना आधी बघायचं की इथे ओढ कुठल्या दिशेने बसणार आहे. कापडाला समांतर ओढ असेल तर इस्त्रीने चिकटवायची टेप पुष्कळ धरते. कापडापासून दूर खेचणारी ओढ असेल तर तिथे टेपच्या भरवशावर राहायचं नाही.

पडदा कशासाठी हवाय?

हे आधी ठरवलं नाही तर कापड चुकतं. बाहेरून आत दिसू नये एवढंच हवं असेल तर पातळ, जाळीदार कापड दिवसा छान काम करतं. बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे बाहेरच्याला फक्त कापड दिसतं. रात्री आत दिवा लागला की गणित उलटतं आणि तोच पडदा सगळं उघडं करतो. झोपायच्या खोलीला पातळ पडद्यामागे दुसरा जाड पडदा लागतोच.

पूर्ण अंधार हवा असेल तर कापडाच्या जाडीपेक्षा कडांकडे लक्ष द्या. सगळ्यात जाड कापड लावलं तरी दोन्ही बाजूंनी आणि वरून उजेडाच्या पट्ट्या येतात आणि डोळ्यांना त्याच खुपतात. दांडा चौकटीच्या बाहेर दोन्हीकडे पुरेसा लांब घेणं, पडद्याच्या बाजूच्या कडा भिंतीपर्यंत वळवणं, याने जे साधतं ते आणखी एका अस्तराने साधत नाही.

थंडीसाठी पडदा असेल तर काचेजवळची हवा गार होऊन खाली उतरते, पडद्याखालून खोलीत शिरते आणि वरच्या फटीतून खोलीतली उबदार हवा मागे ओढली जाते. हे चक्र वरची फट बंद केली की मंदावतं. उन्हाचं मात्र वेगळं आहे. ऊन एकदा काचेतून आत आलं की उष्णता घरात आलीच. आतल्या पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट ठेवली तर त्यातलं काही बाहेर परततं, पण चमत्काराची अपेक्षा नको.

मापं

शिवणकाम येत नाही म्हणून पडदा बिघडत नाही, मापात बिघडतो. मोजायला कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. धातूची मोजपट्टी घ्या आणि खिडकीची रुंदी तीन जागी मोजा: वर, मधे, खाली. उंचीही तीन जागी. चौकटी सरळ दिसतात, असतात मात्र क्वचित.

दांडा चौकटीच्या आत बसवायचा असेल तर तीनपैकी सर्वांत कमी माप धरायचं. बाहेर भिंतीवर बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंना १५ सेंमी वाढवा, म्हणजे पडदा बाजूला सारल्यावर काच झाकली जाणार नाही. दांडा चौकटीच्या वर १० ते १५ सेंमी. पाणसळ लावून खुणा करा. छताला समांतर धरायचा मोह होतो, पण छतच तिरकं असेल तर पडद्याची खालची कड ते चारचौघांत सांगत राहते.

मग घेर. दांड्याच्या लांबीइतकंच रुंद कापड घेतलं तर ओढल्यावर तो पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. साध्या सुती कापडाला दांड्याच्या दीड ते दुप्पट, पातळ जाळीदार कापडाला अडीच पट घेर लागतो. जाड कापडाला दीडपट पुरतो. त्याहून जास्त घेतला तर बाजूला सारल्यावर मोठा गठ्ठा होतो.

लांबीचे तीनच पर्याय नीट दिसतात: खिडकीच्या कट्ट्याला जेमतेम टेकणारी, कट्ट्याच्या खाली १५ सेंमी, किंवा जमिनीपासून १ सेंमी वर. यांच्या अधेमधे कुठेही थांबलेला पडदा आखूड झाल्यासारखाच वाटतो.

एक खिडकी धरून हिशेब करून बघू. खिडकी १२० सेंमी रुंद, १४० सेंमी उंच. दांडा १२० अधिक दोन्हीकडे १५, म्हणजे १५० सेंमी. कापडाचा पन्हा १४० सेंमी आहे. असे दोन पडदे म्हणजे २८० सेंमी घेर, दांड्याच्या पावणेदोनपटीहून थोडा जास्त. छान आहे, पन्हा तसाच ठेवायचा, बाजूच्या कडांना हातच लावायचा नाही.

लांबी: दांडा चौकटीच्या १२ सेंमी वर, पडदा कट्ट्याच्या १५ सेंमी खाली. १४० अधिक १२ अधिक १५, झाले १६७. पडदा चिमट्याच्या कड्यांवर टांगायचा आहे आणि कडी व चिमटा मिळून दांड्याखाली ४ सेंमी खातात. म्हणजे तयार पडदा १६३ सेंमी. वरची दुहेरी दुमड ४ आणि ४, म्हणजे ८. खालची ५ आणि ५, म्हणजे १०. कापायची लांबी १८१. सुती कापड धुतल्यावर ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणून न धुतलेलं कापड दर पडद्याला १९१ सेंमी, दोन पडद्यांना ३८२. चार मीटर घ्या. कापडावर मोठी नक्षी असेल तर नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते मोजा आणि दर पडद्यामागे तेवढं जास्त घ्या, नाहीतर एका पडद्यावर फूल कट्ट्याशी आणि दुसऱ्यावर मध्यावर येईल.

कापड

आटणारं कापड आधी धुवा. हा टप्पा सगळे गाळतात, कारण नव्या कापडाची इस्त्री मोडवत नाही. पण टेप आटत नाही आणि कापड आटतं. पहिल्याच धुण्यानंतर दुमडीला सुरकुत्यांची झालर येते, ती पुन्हा इस्त्रीने जात नाही.

बिनशिलाईच्या कामाला मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड सर्वांत सोयीचं. पूर्ण पॉलिएस्टरचं चुण्यांना सुरेख पडतं आणि उन्हातही टिकतं, पण गरम इस्त्री सोसत नाही. नायलॉन आणि रेशीम उन्हात लवकर विरतात, म्हणून ऊन थेट येणाऱ्या खिडकीला ते अस्तराशिवाय लावू नका. विरळ विणीचं लिनन सुंदर असतं खरं, पण टेपचा गोंद त्याच्या छिद्रांतून पुढच्या बाजूला येतो आणि चमकतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. फेल्ट आणि फ्लीस यांच्या कडा उसवतच नाहीत. कापलं की झालं, दुमडायची गरज नाही. मुलांच्या खोलीसाठी मला हेच आवडतं.

कापड सरळ कापणं ही या सगळ्या कामातली खरी कसोटी. दुकानात कातरलेली कड बहुतेक वेळा तिरकी असते. ती प्रमाण मानून मोजलं तर अख्खा पडदा उरेब होतो आणि टांगल्यावर खालचा एक कोपरा लोंबतो. साध्या विणीच्या कापडाला काठाजवळ छोटा काप द्या, एक आडवा धागा पकडून हळूहळू ओढा. कापडभर एक बारीक रेघ उमटते. तीच तुमची सरळ रेघ, तिच्यावरून कातरी चालवा. धागा मधेच तुटला तर जिथे रेघ संपली तिथून पुन्हा उचला. घट्ट विणीच्या किंवा छापील कापडात धागा ओढता येत नसेल तर सुताराचा गुण्या काठाला टेकवून खडूने रेघ मारा.

काठ ठेवायचा की कापायचा? ठेवला तर बाजूच्या दुमडी वाचतात. पण काही कापडांचा काठ उरलेल्या कापडापेक्षा घट्ट असतो आणि धुतल्यावर कड आत खेचतो. धुतलेलं कापड जमिनीवर पसरून बघा. काठ ताठ, सरळ असेल तर ठेवा. कडेला लाटा दिसत असतील तर काठ कापून टाका आणि बाजूंना दुमड घाला. अशा वेळी घेराच्या हिशेबात दोन्हीकडे मिळून ८ सेंमी कमी धरा.

पन्हा कमी पडतोय म्हणून दोन कापडं शेजारी जोडायच्या फंदात पडू नका. वरपासून खालपर्यंतचा चिकटवलेला उभा जोड कडक राहतो, चुण्यांत बसत नाही आणि उजेडात पट्टीसारखा दिसतो. त्यापेक्षा तिसरा सुटा पडदा लावा. चुण्यांत ते कुणाला कळतही नाही.

इस्त्रीची टेप

दुमडीसाठी इस्त्रीने चिकटणारी, जाळीसारखी दिसणारी टेप वापरायची. ती दोन कापडांच्या मधे ठेवतात, उष्णतेने वितळते आणि थंड झाली की दोन्ही बाजूंना धरते. कागदाचं पाठबळ असलेली घेतली तर हाताळायला सोपी: आधी एका बाजूला चिकटवायची, कागद सोलायचा, मग दुमड घालायची. रुंदी २ ते २.५ सेंमी असावी. अरुंद टेप लवकर सोलते.

इस्त्रीवरच्या ठिपक्यांना अर्थ असतो. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. बहुतेक टेप दोन ठिपक्यांवर काम करतात. पातळ पॉलिएस्टर मात्र एका ठिपक्यावरच ठेवा आणि त्यासाठी कमी उष्णतेवर वितळणारी टेप घ्या. काहीही असो, आधी चिंधीवर करून बघा. चिंधी पूर्ण थंड झाल्यावर कोपऱ्यातून सोलायचा प्रयत्न करा. सहज सुटली तर वेळ किंवा उष्णता कमी पडली. गोंद पुढच्या बाजूला आला तर जास्त झाली.

आता प्रत्यक्ष काम:

१. कापड उलटं पसरा. बाजूच्या कडा करायच्या असतील तर त्या आधी, मग वरची, सगळ्यात शेवटी खालची.

२. पहिली दुमड नुसती इस्त्रीने पाडा, टेप नको. लांबलचक कडेला मोजपट्टी फिरवत बसण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची ५ सेंमीची पट्टी कापा, कापड तिच्यावर दुमडा आणि पट्टीसकट इस्त्री करा. पट्टी सरकवत पुढे जा.

३. दुसरी दुमडही तशीच पाडा. मग उघडा, टेप आत ठेवा. टेप दुमडीच्या आतल्या कडेपासून २ मिमी आत असावी, नाहीतर वितळलेला गोंद इस्त्रीच्या तळाला लागतो आणि मग तो काळा डाग पुढच्या प्रत्येक कपड्यावर.

४. वर ओलसर सुती फडकं ठेवा. इस्त्री ठेवा, दाबा, उचला. घासू नका. घासली की टेप वाकडी सरकते. एका जागी टेपच्या पाकिटावर लिहिले असतील तितके सेकंद धरा, साधारण १० ते १५. पुढची जागा घेताना आधीच्या जागेवर थोडी चढवा.

५. थंड होईपर्यंत हलवू नका. गरम गोंद पातळ असतो, घट्ट नाही. कापड उचलून बघण्याची घाई इथेच नडते.

६. उलटवून पुढच्या बाजूनेही एकदा फडक्यावरून दाबा.

कोपरे हा नाजूक भाग. बाजूची दुमड आणि खालची दुमड जिथे भेटतात तिथे कापडाचे सहा ते नऊ थर होतात आणि इस्त्रीची उष्णता आतल्या टेपपर्यंत पोचतच नाही. खालची दुमड घालण्यापूर्वी कोपऱ्यात आत लपणारा चौकोनी तुकडा कापून टाका, थोडा कमीच, कड उघडी पडणार नाही इतपत. मग तिथे इस्त्री नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरा.

खालच्या दुमडीबद्दल आणखी एक. वरचं काम संपवून पडदा टांगा आणि खालची कड तशीच सोडून दोन-तीन दिवस लोंबू द्या. विणलेलं कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं, जड कापड तर चांगलंच. मग टांगलेल्या अवस्थेतच जमिनीपासून किंवा कट्ट्यापासून मोजून टाचण्या लावा, खाली उतरवा आणि दुमड चिकटवा. यात हातचं काम दोनदा होतं, म्हणून हा सल्ला कुणी ऐकत नाही. मीही दुसऱ्या वेळेपासून ऐकायला लागले.

ग्लू गनबद्दल माझं मत सुरुवातीलाच कळलं असेल. उन्हाच्या खिडकीला नकोच. कापडाचा द्रव गोंद टेपपेक्षा लवचीक असतो, इस्त्री न चालणाऱ्या कापडाला तोच बरा. पण बारीक ओळ लावून बोटाने पसरवावी लागते, वर पुस्तकं ठेवून एक दिवस वाळू द्यावी लागते आणि पातळ कापडावर त्याचा डाग दिसतो.

टांगायचं कशावर

माझी पहिली पसंती चिमटे असलेल्या कड्यांना. वजन धातू पेलतो, टेपला काही काम उरत नाही, आणि पडदा धुवायला काढायचा म्हणजे चिमटे उघडायचे एवढंच. दर १५ सेंमीला एक चिमटा. आपल्या १४० सेंमीच्या पडद्याला १० चिमटे लावले तर मधल्या ९ अंतरांत प्रत्येकी साडेपंधरा सेंमी येतात, चालतं. पहिला आणि शेवटचा अगदी कोपऱ्यावर. अंतर वाढवलं तर दोन चिमट्यांच्या मधे कापड झोळीसारखं पडतं. चिमट्याचे दात पातळ कापडाला भोकं पाडतात, म्हणून वरची दुमड दुहेरी ठेवायची. जड कापड चिमट्यातून निसटत असेल तर कापडामागे फेल्टचा छोटा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र पकडा. आणि चुण्या नीटस हव्या असतील तर प्रत्येक चिमट्यात कापडाची २ सेंमीची निरी धरा. शिवलेल्या निऱ्यांचा पडदा वाटतो लांबून. त्यात घेर खर्च होतो, तेवढं कापड आधी धरायला हवं.

जड पडद्याला टोकदार पिन असलेले हूक. पिन वरच्या दुमडीत मागच्या बाजूने आडवी न जाता उभी, खालून वर खुपसायची, पुढच्या थरातून बाहेर येऊ द्यायची नाही. दुमडीत बकरमची, म्हणजे खळ दिलेल्या ताठ कापडाची, पट्टी असेल तर पिन घट्ट बसते आणि वरची कड लवत नाही. पट्टी दुमडीत घालून टेपने बसवली की झालं.

मोठ्या गोल छिद्रांच्या रिंगा, म्हणजे आयलेट. दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या मिळतात, त्यांना हातोडी किंवा यंत्र लागत नाही. रिंगेच्या दोन चकत्यांमधे कापड पकडलं जातं, वजन तीच धरते. वरची दुमड साधारण १० सेंमी हवी आणि आत बकरम हवाच, नाहीतर रिंग कापडातून निसटते. रिंगांची संख्या सम ठेवा. दांडा एकदा आत एकदा बाहेर जातो. संख्या सम असेल तरच पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाली तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते. १४० सेंमीच्या पडद्यात पहिल्या आणि शेवटच्या रिंगेचा मध्य कडेपासून ५ सेंमी आत, मधे १३० सेंमी, १० रिंगा, म्हणजे अंतर साधारण साडेचौदा. सगळी छिद्रं आखून झाल्याशिवाय एकही कापू नका. रिंगेचं आतलं छिद्र दांड्यापेक्षा किमान १ सेंमी मोठं असावं, नाहीतर पडदा ओढताना रडतो.

राहिली खोळ. माझा पहिला पडदा जिच्यामुळे पडला ती. पूर्ण वर्ज्य नाही, पण दोन अटींवर. पडदा हलका असावा आणि रोज सारायचा नसावा. दांड्याभोवती कापड सैल गुंडाळून टाचणी लावली की खोळीचं माप मिळतं. २५ मिमी जाडीच्या दांड्याला चपटी मोजलेली साडेपाच सेंमीची खोळ पुरते. खोळीखाली टेपच्या दोन ओळी शेजारी शेजारी लावा. खोळीचे जोड सुटतात ते बहुधा दांडा आत घालताना, कारण दांड्याचं टोक जोडाला आतून सोलतं. दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा, तो अडखळत नाही.

हे सगळं टाळायचं असेल तर जुनी चादर घ्या. तिच्या वरच्या कडेला कारखान्यात शिवलेली रुंद दुमड असते. दुमडीची दोन्ही टोकं शिवण न तोडता, फक्त टोकाचे चार टाके उसवून उघडली की तीच खोळ, आणि ती शिवलेली असल्यामुळे वजनाची चिंता नाही. मधे मऊ पडलेली, विरलेली चादर मात्र नको. ऊन तिला काही महिन्यांत संपवेल.

भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर

चौकटीच्या आत स्प्रिंगचा दांडा अडकवता येतो. तो मोकळ्या जागेपेक्षा २ ते ३ सेंमी लांब होईपर्यंत फिरवायचा, मग दाबून आत बसवायचा. टोकांचं रबर आणि भिंत दोन्ही कोरडी, धूळ पुसलेली हवीत. गुळगुळीत फरशीवर किंवा ऑइलपेंटवर तो घसरतो. तसंच हा दांडा जितका लांब ताणाल तितका कमी वजन पेलतो. मीटरभर खिडकीला पातळ पडदा, इतकीच त्याची कुवत. साधा स्क्रूचा दांडाही १५० सेंमीच्या पुढे गेला की मधे एक आधार मागतो, नाहीतर मधे लवतो आणि पडदा आपोआप मध्याकडे सरकत राहतो.

दांडाच नको असेल तर कापड थेट काचेवर बसवता येतं. न्हाणीघर सोडून कुठेही, कारण तिथली वाफ पीठ सोडवते आणि बुरशी आणते. दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर तेवढ्याच थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग दीड कप उकळतं पाणी ढवळत ढवळत ओता. घट्ट खळ होते. कोमट होऊ द्या. काच साबणाने धुऊन कोरडी करा, ब्रशने खळ लावा, काचेपेक्षा सगळीकडून २ सेंमी मोठं कापलेलं पातळ किंवा लेसचं कापड वरून खाली टेकवत या, हवेचे फुगे मधून कडांकडे सारा, वरून पुन्हा एक हात खळ. वाळल्यावर धारदार ब्लेडने कडा कापा. फिकट कापडच घ्या, गडद रंग ओलेपणी काचेवर आणि चौकटीवर उतरतो. काढायचं झालं की एक कोपरा कोमट पाण्याने भिजवून सोला. काचेवर काही उरत नाही.

घर नुकतंच बदललंय आणि आज रात्रीपुरतंच काहीतरी हवं असेल तर जाड कागदाच्या घड्यांचा पडदा. खिडकीच्या आतल्या रुंदीपेक्षा १ सेंमी कमी रुंद आणि उंचीपेक्षा पाव भाग जास्त लांब कागद, तीन-तीन सेंमीच्या आलटूनपालटून घड्या, वरची घडी दुहेरी चिकटपट्टीने चौकटीला. वर करायचा तेव्हा दोन मोठे कागदी चिमटे. अर्ध्या तासाचं काम, आणि दिसायला वाटतं त्याहून खूपच बरं.

जुन्या पट्ट्यांच्या ब्लाइंडचा घडीचा पडदा

ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांचं, काही पट्ट्या वाकलेलं ब्लाइंड फेकू नका. त्यात दोन प्रकारच्या दोऱ्या असतात. पट्ट्यांना शिडीसारखं धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या कापायच्या. पट्ट्यांच्या छिद्रांतून जाणारी, उचलायची दोरी कापायची नाही. ही एक चूक झाली तर पुढचं सगळं थांबतं, म्हणून कातरी लावण्यापूर्वी दोरी ओढून बघा: जिच्याने पट्ट्या वर जातात ती उचलायची.

खालच्या जड पट्टीची बुचं काढा, गाठी सोडा आणि जादा पट्ट्या खालून सरकवून काढून टाका. दर २० ते २५ सेंमीला एक राहू द्या. १४० सेंमी उंचीला सहा पुरतात. बाजूंच्या कडा आधीच टेपने दुमडून तयार केलेलं कापड उलटं पसरा, पट्ट्या समान अंतरावर ठेवा, प्रत्येकीला द्रव गोंद लावून बसवा. छिद्रांपाशी आणि दोरीवर गोंदाचा थेंबही नको, वाळल्यावर दोरी अडकते. दोरी खालच्या पट्टीत पुन्हा ओवून गाठ मारा आणि ती पट्टी कापडाच्या खालच्या दुमडीत बंद करा. वरचं कापड माथ्याच्या पेटीच्या नुसतं पुढे चिकटवू नका. पेटीवरून मागे वळवून मागच्या बाजूला चिकटवा, म्हणजे ओढ कापडाला समांतर बसते आणि जोड सोलत नाही. एक दिवस आडवं वाळू द्या, मगच उचला.

घरात लहान मूल असेल तर हा प्रकार करूच नका. लोंबती दोरी किंवा दोरीचा फास बाळाच्या गळ्याभोवती बसून जीव जाण्याच्या घटना घडलेल्या आहेत. बाकीच्यांनीही दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून दीड मीटरच्या वर ठोकावी आणि खाट किंवा खुर्ची त्या खिडकीखाली ठेवू नये.

धुणं आणि दुरुस्ती

टेपचे पडदे थंड पाण्यात, हाताने किंवा मशीनच्या नाजूक चक्रावर धुवा. पिळू नका, ड्रायरमधे घालू नका. उष्णता आणि घुसळण एकत्र आली की टेप सुटते. दांड्यावरच ओलसर टांगले तर स्वतःच्या वजनाने सरळ होतात आणि इस्त्रीची गरज उरत नाही. करायचीच असेल तर दुमडी वगळून करा.

कुठे सुटलं तर जुन्या टेपवर नवी टेप चढवू नका, ती नीट धरत नाही. आधी फडक्यावरून गरम इस्त्री दाबा, जुना गोंद मऊ असतानाच दुमड उघडा, जेवढा निघेल तेवढा गोंद खरवडा, कापड थंड होऊ द्या, मग नवी टेप. खालची कड वाऱ्याने फारच उडत असेल तर दुमडीच्या दोन्ही टोकांना, टेप लावण्याआधी, एकेक स्टेनलेस स्टीलचा वॉशर आत सरकवा. साधा लोखंडी घातला तर पहिल्याच धुण्यात कापडावर गंजाचा गोल उमटतो, आणि तो डाग मग सहजासहजी जात नाही.